कोपराचा सांधा बदलतात म्हणजे नेमकं काय करतात? एल्बो रिप्लेसमेंटची पूर्ण माहिती

घरात कुणी दवाखान्यातून नवीन शब्द ऐकून आलं की पाच मिनिटांत त्या चिठ्ठीचा फोटो आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. "जरा गूगल करून बघ रे, हे काय लिहिलंय." चिठ्ठीवर "टोटल एल्बो" किंवा नुसतं "टीईए" असेल आणि तुम्ही मराठीत शोधलंत, तर जे सापडतं ते बहुतेक गुडघ्याबद्दल असतं. मग आपण आजीला सांगून मोकळे होतो, "अगं, शेजारच्या काकूंचा गुडघा बदलला ना, तसंच तुझं कोपर बदलणार."

इथेच गडबड होते. गुडघा बदलतात तो माणसाने त्यावर अख्खं वजन टाकून चालावं म्हणून. कोपर बदललं की दुखणं जातं, हात वाकतो, घास तोंडापर्यंत पोचतो, पण त्या हाताने साधारण दोन-अडीच किलोच्या वरचं वजन पुन्हा पुन्हा उचलायचं नसतं. ही अट सहा महिन्यांची नाही, आयुष्यभराची आहे. बऱ्याच घरांत हे ऑपरेशन झाल्यावर कळतं. ते आधी कळायला हवं, आणि त्यामागचं कारणही कळायला हवं, कारण कारण कळलं की माणूस नियम पाळतो.

आधी मूळ सांधा बघू

कोपरात तीन हाडं भेटतात. वरून दंडाचं हाड येतं आणि खालून हाताची दोन हाडं. करंगळीच्या बाजूचं अल्ना, अंगठ्याच्या बाजूचं रेडियस. दंड आणि अल्ना यांची जोडी दाराच्या बिजागरीसारखी चालते, म्हणजे वाकणं आणि सरळ होणं. रेडियस मात्र स्वतःभोवती फिरतं, म्हणून आपण कुलपात किल्ली फिरवू शकतो किंवा तळहात वर करून प्रसाद घेऊ शकतो. एकाच जागी बिजागरी आणि फिरकी असं दोन्ही आहे, म्हणून हा सांधा कारागिराला अवघड जातो.

त्यात मागच्या बाजूने, आतल्या हाडाच्या टोकाला चिकटून एक नस जाते, अल्नर नर्व्ह. दाराच्या कडेला कोपर आपटलं की करंगळीपर्यंत करंट लागतो ना, तो हिचाच. ती कातडीच्या इतकी जवळ आहे की या भागातल्या प्रत्येक ऑपरेशनमध्ये सर्जनला आधी तिला शोधून, सांभाळून बाजूला घ्यावं लागतं.

आत बसवतात ते काय असतं?

साध्या शब्दांत, दोन दांडे आणि एक बिजागरी. एक दांडा दंडाच्या हाडाच्या पोकळीत जातो, दुसरा अल्नाच्या. दोन्ही धातूचे, टायटॅनियमच्या किंवा कोबाल्ट-क्रोमच्या मिश्रधातूचे. ते हाडात पक्के बसावेत म्हणून बोन सिमेंट वापरतात. नाव सिमेंट असलं तरी ते अ‍ॅक्रिलिक जातीचं प्लॅस्टिक असतं, आधी पिठासारखं मऊ आणि काही मिनिटांत कडक होणारं. दोन दांडे जिथे भेटतात तिथे आडवी पिन आणि धातूवर धातू घासू नये म्हणून पॉलिएथिलिनचे बुश. होय, बाईकच्या गॅरेजमध्ये "बुश गेलेत" म्हणतात तसेच बुश. आणि तसेच ते झिजतातही.

या बिजागरीचा इतिहास थोडा सांगतो, कारण आजचा वजनाचा नियम त्यातूनच समजतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये रॉजर डी यांनी सिमेंटने बसवायची धातूची बिजागरी वापरली. कल्पना सरळ होती, दार जसं उघडतं-मिटतं तसा हात. पण दाराची बिजागरी फक्त एकाच दिशेत फिरते आणि आपला हात तसा वागत नाही. आपण तांब्या कलता करतो, पिशवी अंगापासून लांब धरतो, कपडे पिळतो. यातल्या प्रत्येक हालचालीत कोपराला थोडा आडवा पीळ बसतो. नैसर्गिक सांध्यात तो पीळ आजूबाजूचे लिगामेंट आणि स्नायू शोषून घेतात. कडक बिजागरीत तो शोषायला कुणीच नव्हतं. सगळा ताण थेट सिमेंट आणि हाडाच्या जोडावर गेला आणि दांडे हलायला लागले.

मग डिझाइन बदललं. अमेरिकेत राल्फ कूनराड यांच्या बिजागरीवर मेयो क्लिनिकच्या बर्नार्ड मोरी यांनी काम केलं, आणि १९८१ पासून वापरात आलेल्या कूनराड-मोरी सांध्यात बिजागरी मुद्दाम सैल ठेवली गेली. बाजूला साधारण सात अंश हलेल इतकी. इंजिनिअरिंग शिकणाऱ्यांना हे लगेच पटेल. त्या सैलपणामुळे पिळाचा काही भाग पुन्हा स्नायूंकडे जातो आणि सिमेंटचा जोड वाचतो. शिवाय दंडाच्या दांड्याला पुढून एक छोटी पट्टी दिली आणि तिच्यामागे रुग्णाचाच हाडाचा तुकडा ठेवायला सुरुवात झाली, म्हणजे दांडा जागच्या जागी फिरत नाही.

याउलट, दोन भाग एकमेकांना न जोडता नुसते एकमेकांवर टेकवायचे, असेही सांधे बनले. स्कॉटलंडमधला सूटर-स्ट्रॅथक्लाइड आणि जपानमधला कुडो ही त्यातली गाजलेली नावं. त्यांना रुग्णाची लिगामेंट शाबूत लागतात, नाहीतर सांधा निखळतो. आज बहुतेक ठिकाणी जोडलेला, सैल बिजागरीचाच प्रकार जास्त वापरला जातो.

दोन किलोच का? गणित करून बघू

हात काटकोनात वाकवून तळहातावर वजन धरा. ते पेलणारा मुख्य स्नायू म्हणजे बायसेप्स. तो हाताच्या हाडाला कोपरापासून जेमतेम पाच सेंटीमीटरवर जोडलेला असतो. तळहात मात्र कोपरापासून पस्तीसेक सेंटीमीटर लांब. म्हणजे तरफेचा हिशोब सातपट आपल्या विरोधात. हातात एक किलो असेल तर स्नायूला सात किलोचा जोर लावावा लागतो. पाच किलोची पिठाची पिशवी धरलीत तर पस्तीस किलोचा, आणि यात हाताचं स्वतःचं वजन धरलेलंच नाही. या ओढीचा मोठा भाग सांध्यावर दाब म्हणून येतो.

निरोगी हाड हे सहज सोसतं, कारण ते जिवंत आहे, स्वतःची दुरुस्ती करत राहतं. सिमेंट आणि प्लॅस्टिक दुरुस्त होत नाहीत. त्यात कोपराची हाडं गुडघ्याच्या मानाने बारीक, म्हणजे दांड्याला पकड कमी. बुश झिजला की प्लॅस्टिकचे बारीक कण सुटतात. शरीर त्या कणांशी लढायला जातं आणि त्या लढाईत शेजारचं हाडच पोखरलं जातं. मग दांडा सैल, मग दुखणं परत.

म्हणून सर्जन साधारण असं सांगतात: रोजच्या कामात त्या हाताने दोन-अडीच किलोपर्यंत, आणि क्वचित एखाद्या वेळी फार तर साडेचार-पाच किलो. आता हे आकडे घरात आणून बघा. एक लिटर दुधाची पिशवी साधारण एक किलो, चालेल. अन्नाने भरलेला पाच लिटरचा कुकर, नको. पंधरा लिटरची भरलेली बादली तर पंधरा किलोच्या वर, विषयच संपला. भरलेला घरगुती सिलिंडर तीस किलोच्या आसपास असतो, त्याला त्या हाताने ओढायलाही जाऊ नये. नातवंडाला कडेवर घेणं हा सगळ्यात अवघड मुद्दा, कारण वर्षाचं मूल आठ-नऊ किलोचं असतं आणि आजी ऐकणारी नसते. बसूनच मांडीवर द्यावं, हाच मार्ग.

मग हे करायचं कुणी?

सुरुवातीला हे ऑपरेशन मुख्यतः रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवाताच्या रुग्णांसाठी होतं. या आजारात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करतं आणि कोपराची गादी पूर्ण झिजते. हल्ली मेथोट्रेक्सेट आणि बायोलॉजिक्स अशी औषधं लवकर सुरू होतात, त्यामुळे सांधे त्या थराला जाणं कमी झालंय. ही चांगली बातमी आहे.

आता दुसरा मोठा गट आहे वयस्कर लोकांच्या फ्रॅक्चरचा. आजी बाथरूममध्ये घसरली, हात टेकवला आणि दंडाच्या हाडाचं खालचं टोक चुरा झालं. हाड ठिसूळ असेल तर प्लेट-स्क्रूला पकडच मिळत नाही. कॅनडात ६५ वर्षांवरच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. काही रुग्णांना प्लेट लावायची आणि काहींचा सांधा बदलायचा असं चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. प्लेटच्या गटातल्या २० पैकी ५ जणांचे तुकडे ऑपरेशन टेबलावर जुळेचनात, म्हणून त्यांचाही सांधाच बदलावा लागला. दोन वर्षांनी हाताचा वापर सांधा बदललेल्यांचा बरा होता. पण अभ्यास लहान होता, अवघ्या ४२ जणांचा, हे विसरू नका. ज्याचे तुकडे नीट जुळतात त्याचं स्वतःचं हाड वाचवणं केव्हाही चांगलं.

याशिवाय जुनं फ्रॅक्चर न जुळणं, अपघातानंतर झिजलेला सांधा, हिमोफिलियात वारंवार रक्त साचून खराब झालेला सांधा आणि हाडाची गाठ, यातही हे करतात.

आणि कुणाला करत नाहीत? सांध्यात जंतुसंसर्ग चालू असेल तर नाही. आणि तुमच्यासारख्या तरुणांना शक्यतो नाहीच. बाईकवरून पडून पंचविसाव्या वर्षी कोपर खराब झालेला मुलगा शेतात, गोदामात किंवा डिलिव्हरीच्या कामात असेल तर तो दोन किलोचा नियम किती वर्षं पाळणार? सांधा सैल झाला की पुन्हा ऑपरेशन, आणि दर वेळी जुनं सिमेंट काढताना थोडं हाड जातं. म्हणून तरुणांसाठी आधी बाकीचे उपाय बघतात. दुर्बिणीतून वाढलेलं हाड साफ करणं, सांध्यात शरीरातल्याच ऊतीची गादी घालणं, किंवा कष्टाचं काम करणाऱ्यासाठी सांधा एका कोनात कायमचा पक्का करून टाकणं. शेवटचा उपाय ऐकायला भयंकर वाटतो, पण त्याने वजन उचलता येतं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. चिठ्ठीवर "रेडिअल हेड रिप्लेसमेंट" असेल तर ते वेगळं, त्यात फक्त रेडियसचं वरचं डोकं बदलतात. ते तरुणांतही होतं आणि वरचे नियम त्याला जसेच्या तसे लागत नाहीत. दोन्हींची गल्लत करू नका.

ऑपरेशनच्या आधी आणि त्या दिवशी

एक्स-रे होतोच, फ्रॅक्चर असेल तर थ्री-डी सीटी स्कॅनही. आमवाताच्या रुग्णांची मानही तपासतात, कारण या आजारात मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात आणि भूल देताना मान मागे वाकवणं धोक्याचं ठरतं. डॉक्टर विसरले असं वाटलं तर विचारा, त्यात काही चूक नाही. आमवाताची औषधं कोणती थांबवायची आणि कोणती चालू ठेवायची हे डॉक्टरच ठरवतात. यूट्यूब बघून आपल्या मनाने बंद करू नका. पायाचंही ऑपरेशन लागणार असेल तर क्रम आधी ठरवून घ्या, कारण काठी किंवा वॉकरवर भार देताना तो कोपरावरच येतो.

ऑपरेशनमध्ये काप कोपराच्या मागून घेतात. अल्नर नस मोकळी करून बाजूला ठेवतात. मग येतो ट्रायसेप्स, जिमवाल्यांचा लाडका. तो सांध्याच्या अगदी तोंडावर बसलेला असतो, त्यामुळे त्याला एक तर हाडापासून सोडवून नंतर शिवतात, किंवा न सोडवता दोन्ही बाजूंनी वाट काढतात. तुमच्या रुग्णाच्या बाबतीत यातलं काय केलं हे विचारून ठेवा. घरी आल्यावरचे अर्धे नियम त्यावर ठरतात. पुढे खराब टोकं कापणं, पोकळी तयार करणं, सिमेंट, दांडे, पिन.

घरी आल्यावर

पहिले काही दिवस हात उशीवर उंच ठेवायचा, बोटं हलवत राहायची. कोपराच्या मागे मांस जवळपास नसतंच, नुसती कातडी, म्हणून जखम भरेपर्यंत सर्जन वाकवण्याची घाई करत नाहीत. जखम ठीक असेल तर वाकवणं-सरळ करणं सुरू होतं. ट्रायसेप्स शिवलेला असेल तर साधारण सहा आठवडे त्या हाताने ढकलायचं नाही. "ढकलणं" म्हणजे जोर मारणंच असं नाही. आपल्याकडे जमिनीवरून उठताना हात टेकतो, खुर्चीतून उठताना दांड्यावर भार देतो, जड दार लोटतो, ते सगळं त्यात आलं. घरात जमिनीवर बसायची सवय असेल तर ऑपरेशनच्या आधीच उंच खुर्ची आणि दुसऱ्या हाताच्या बाजूला आधार, एवढी सोय करून ठेवा.

पुढेही पुश-अप, सूर्यनमस्कार आणि साष्टांग नमस्कार बंद. लोकलमध्ये त्या हाताने लटकणं बंद. टू-व्हीलरचा प्रश्न वजनाचा कमी आणि पडण्याचा जास्त आहे. दांड्याच्या टोकाशी हाड मोडलं तर ते जोडणं फार किचकट होतं.

हात किती वाकतो, आणि फोनचं काय?

हात सरळ म्हणजे शून्य अंश धरू. मोरी यांच्याच गटाने १९८१ मध्ये मोजलं होतं की रोजची बहुतेक कामं ३० ते १३० अंशांत होतात. कोपर बदलल्यावरही साधारण एवढीच हालचाल अपेक्षित असते. जेवणं, तोंड धुणं, बटणं लावणं यासाठी ती पुरते.

पण १९८१ मध्ये मोबाईल नव्हता! २०११ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी आजकालच्या कामांची पुन्हा मोजणी केली तेव्हा गंमत दिसली. फोन कानाला लावायला कोपर १४० अंशांच्याही पुढे वाकवावं लागतं. म्हणजे ऑपरेशन उत्तम झालं तरी आजीला फोन कानाला लावणं जमेलच असं नाही, आणि तो दोष सर्जनचा नाही. इथे तुमचं काम येतं. स्पीकर चालू करून द्या, वायरचा साधा इअरफोन द्या, किंवा दुसऱ्या हाताने फोन धरायची सवय लावा. दोनशे ग्रॅमचा फोन वजनाला काहीच नाही, अडचण कोनाची आहे.

काय बिघडू शकतं?

खरं सांगायचं तर, या ऑपरेशनात अडचणी गुडघा आणि खुब्यापेक्षा जास्त येतात. जंतुसंसर्ग, दांडा सैल होणं, बुश झिजणं, ट्रायसेप्स सुटून हात जोराने सरळ न होणं, आणि अल्नर नसेला त्रास होऊन करंगळी बधिर राहणं. यातला बधिरपणा बऱ्याचदा हळूहळू कमी होतो. पण जखमेतून पाणी येणं, ताप, किंवा चांगला चालणारा हात अचानक दुखायला लागणं, यावर घरगुती शेक देत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. संसर्ग लवकर सापडला तर सांधा वाचू शकतो. उशीर झाला तर तो काढून, औषधं देऊन, मग नवीन बसवावा लागतो, आणि कधीकधी बसवताच येत नाही.

आमवाताच्या रुग्णांत, अनुभवी केंद्रांच्या अहवालांनुसार, दहा वर्षांनी दहातले साधारण नऊ सांधे जागेवर असतात. अपघातानंतरच्या तरुण रुग्णांत हे प्रमाण कमी भरतं. फरक मुख्यतः वापराचा.

सर्जन निवडताना एक प्रश्न स्पष्ट विचारा: "तुम्ही स्वतः वर्षाला अशी किती कोपरं करता?" हा उद्धटपणा नाही. इंग्लंड-वेल्सच्या राष्ट्रीय नोंदवहीत गुडघ्यांच्या नोंदी वर्षाला लाखाच्या घरात जातात आणि कोपरांच्या काही शेकड्यांतच राहतात. म्हणजे गुडघ्याचे नावाजलेले सर्जनही कोपर क्वचितच करत असतील. रोबोटच्या जाहिराती बघून भुलू नका, त्या बहुतेक गुडघ्याच्या असतात.

खर्चाचंही तसंच. केंद्राने २०१७ मध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली, पण ती गुडघ्यासाठी होती. कोपराच्या सांध्याची किंमत, त्याचं मॉडेल आणि पुढे बुश बदलायची वेळ आली तर सुटे भाग मिळतील का, हे लेखी घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या रुग्णाचं ऑपरेशन बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच विचारा.

डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर फाइलला लावलेले असतात, त्यावर मॉडेल आणि बॅच नंबर असतो. त्यांचा स्पष्ट फोटो काढा, घरातल्या दोघांच्या फोनमध्ये आणि ड्राइव्हवर ठेवा. विमानतळावर मेटल डिटेक्टर वाजला तर तो उपयोगी पडतो, एमआरआय करायच्या आधी तंत्रज्ञ तोच मागतो, आणि पंधरा वर्षांनी दुसऱ्या शहरातल्या सर्जनला नेमका कोणता बुश मागवायचा हे त्यावरूनच कळतं.